शुक्रवारच्या खुर्च्या

बाईंना मी नऊ वर्षे रोज पाहत होतो. तरी त्यांच्याबद्दल नेमके काय माहीत आहे असे कोणी विचारले, तर सांगण्यासारखे फार थोडे निघेल. त्या चहात साखर घेत नसत. त्यांच्या पिशवीची चेन तुटलेली होती आणि तिथे त्यांनी एक मोठी पिन लावलेली होती. शाळेच्या सभागृहाची फरशी गार असायची, म्हणून तिथल्या कपाटात त्या जाड पायमोज्यांचा एक जोड ठेवत. त्यांचे घर कुठे होते ते मला त्या वारल्यावर कळले, तेही त्यांची धाकटी बहीण माझा पत्ता शोधत आली तेव्हा. बाईंबरोबर काम केलेल्या लोकांकडून काही आठवणी लिहून घेते आहे, असे ती म्हणाली. मी म्हटले, मला लिहायची सवय नाही. ती म्हणाली, "ताई तुमच्याबद्दल बोलायची. मामांसारख्या खुर्च्या कोणी लावत नाही म्हणायची."

त्यानंतर नाही म्हणणे मला जमले नाही. ते का, हे पुढे येईलच.

मी त्या शाळेत शिपाई होतो. लहानथोर सगळे मला मामा म्हणत. बाई समुपदेशक म्हणून आल्या. वर्गात त्रास देणारी, गप्प बसणारी, डबा न खाणारी मुले त्यांच्याकडे पाठवली जायची. पहिल्याच वर्षी त्यांनी मुख्याध्यापकांना सांगितले की मुलाला अर्धा तास समजावायचे आणि त्याच घरात परत पाठवायचे, हे ओल्या भिंतीला रंग देण्यासारखे आहे. आईबापांनाच बोलवू या. त्यातून पालकांचा वर्ग सुरू झाला. ओळीने सहा शुक्रवार, आधी चार वाजता, पुढे साडेपाच ते सात. सहा झाले की महिनाभराने पुन्हा पहिल्यापासून.

शिक्षकांच्या खोलीत त्यांचे नाव पालकबाई पडले. शनिवारी सकाळी कोणीतरी विचारायचेच, "काय बाई, काल किती जुड्या मिळाल्या?" बाईही हसून सांगायच्या, "अर्धीच. तीही कोमेजलेली."

वर्गात काय चालते ते मला दाराबाहेरून ऐकू यायचे. भाषण नसायचे. सगळे गोल बसायचे. एकाने मूल व्हायचे, दुसऱ्याने बाप. मुलाने दोन मिनिटे बोलायचे आणि बापाने नुसते ऐकायचे, मध्ये तोंड घालायचे नाही. बाई हातातल्या घड्याळावर दोन मिनिटे मोजायच्या. बेकरीत काम करणारा एक दांडगा माणूस एकदा म्हणाला, "बाई, दोन मिनिटं फार होतात. भट्टीसमोर मी आठ तास उभा राहतो, पण हे जमत नाही." सगळे हसले. पण पुढच्या शुक्रवारी तो आला आणि म्हणाला की घरी दीड मिनिटापर्यंत पोचलो.

मीही घरी एकदा करून पाहिले. जेवताना दोन मिनिटे बायकोचे नुसते ऐकत राहिलो. ती मध्येच थांबून म्हणाली, "तब्येत बरी आहे ना तुमची?"

पण असे येणारे थोडेच. कार्यालयातल्या कारकुनाने पहिली सूचना लिहिली ती अशी: "ज्या पालकांना मुले आवरत नाहीत अशांसाठी विशेष वर्ग." ती फलकावर एकच दिवस होती. बाईंनी ती स्वतः फाडली, पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. त्या वर्गाला जायचे म्हणजे आपल्याला आईबाप होता येत नाही हे चारचौघांत कबूल करायचे, असा समज पक्का झाला. बाईंनी नंतर किती परीने सांगितले, हाताने चिठ्ठ्या लिहिल्या, चिठ्ठीच्या मागे त्या त्या मुलाचे चित्र चिकटवले, चारची वेळ साडेपाचवर नेली, लहान भावंडांना सांभाळायला शेजारच्या चित्रकलेच्या खोलीत मला बसवले. लोक चित्र ठेवून घ्यायचे आणि यायचे नाहीत.

सुटीच्या वेळी त्या फाटकापाशी उभ्या राहायच्या. मी फाटक धरून असायचो, म्हणून ऐकलेले आहे.

"शुक्रवारी येताय ना?"

"आम्ही काय गुन्हा केला, बाई?"

"गुन्हा कसला? चहा आहे, बसायचं, बोलायचं."

"आमचे बाप कुठल्या वर्गाला गेले होते? वाढलोच ना आम्ही."

एकदा इस्त्रीचे दुकान चालवणाऱ्या एका आईने सगळ्यांसमोर विचारले, "तुम्हाला स्वतःला मुलं किती, बाई?"

"एकही नाही."

"मग तुम्ही आम्हाला काय शिकवणार?"

"म्हणून तर तुम्हाला बोलावते," बाई म्हणाल्या. "मला येत असतं तर तुमची काय गरज होती?"

ती आई जरा वरमली, पण आली नाही.

मुले नसल्याचे त्यांनी एवढेच सांगितलेले मी ऐकले. स्वतःच्या घरचे एकदाच बोलल्या. मी खुर्च्या पुसत होतो आणि त्या कपाटापाशी पायमोजे चढवत होत्या. म्हणाल्या, "मामा, माझे वडील मला आयुष्यभर एकच प्रश्न विचारायचे. वाजले किती? मी खोलीत गेले की, वाजले किती? मी पास झाले त्या दिवशीसुद्धा. घड्याळ त्यांच्यासमोरच टांगलेलं असायचं."

मी म्हटले, "विसरभोळे असतील."

"नाही हो. विचारायचं काहीतरी दुसरंच असायचं. तोंडातून वेळ निघायची."

मी पुढची खुर्ची पुसायला घेतली.

आता खुर्च्यांचे सांगतो. बाई मला सुरुवातीपासून वीस खुर्च्या गोल लावायला सांगत. पहिल्या वर्षी बारातेरा माणसे यायची, तेव्हा ते शोभायचे. पुढे दहा, मग आठ, मग सहा. वीस खुर्च्यांत सहा माणसे बसली की ती दाराजवळच्या खुर्च्या धरायची, मध्ये एकेक जागा सोडून. येणारा प्रत्येक जण आधी रिकाम्या खुर्च्या मोजायचा. आणि बाई बोलता बोलता त्या खुर्च्यांकडे पाहायच्या. माझ्याने ते बघवेना. आठव्या वर्षी मी त्यांना न विचारता खुर्च्या कमी करू लागलो. आधी सोळा, मग बारा. उरलेल्या खुर्च्या चित्रकलेच्या खोलीत एकावर एक रचून त्यावर जुना पडदा टाकायचो.

एका शुक्रवारी बाई म्हणाल्या, "आज गोल लहान दिसतोय, मामा."

मी म्हटले, "बाकीच्यांचे पाय हलतायत. दुरुस्तीला काढल्यात."

त्यांनी मान डोलावली. मला वाटले, चांगले काम केले.

त्याच वर्षी टायरवाल्याची मुलगी चौथीत होती. शाळेच्या मागच्या रस्त्यावर त्याचे पंक्चर काढायचे दुकान होते. पत्नी दोन वर्षांपूर्वी वारलेली. घरात तो आणि मुलगी, दोघेच. मुलगी वर्गात बोलत नसे. मधल्या सुटीत जिन्याखाली, मी झाडू ठेवायचो तिथे येऊन बसायची आणि खिशातून टायरच्या हवेच्या नळीवरची काळी टोपणे काढून फरशीवर ओळीने मांडायची. मी वरच्या खिळ्यावरचा झाडू घ्यायला हात उचलला की तिचे डोके आपोआप खाली जायचे. एकदा मी बाईंना ते सांगितले. नऊ वर्षांत मी आपणहून त्यांना सांगितलेली ती एकच गोष्ट असावी.

बाईंनी बापाला चिठ्ठ्या पाठवल्या. उत्तर नाही. मग एक दिवस मला म्हणाल्या, "मामा, खुर्च्यांच्या गाडीचं चाक बसलंय. चला, मीही येते." खुर्च्या वाहायची आमची दोनचाकी ढकलगाडी होती, हवेच्या टायरची. मी ती ढकलत नेली. टायरवाल्याने चाक काढले, ट्यूब पाण्याच्या टबात फिरवली. एक बुडबुडा आला नाही.

"बाई, पंक्चर नाही ह्यात. हवा सोडलीय कोणीतरी."

"मुलं असतील शाळेतली."

त्याने हवा भरून दिली. तोवर बाई त्याच्या मुलीबद्दल बोलल्या. तो चाकाकडे बघत राहिला. दोन आठवड्यांनी चाक पुन्हा बसले, मग पुन्हा. तिसऱ्या वेळी त्याने ट्यूब टबात घातलीसुद्धा नाही. म्हणाला, "बाई, पुढच्या वेळी हवा सोडू नका. सरळ या. चाकाची टोपणं हरवतात."

बाई हसल्या. तोही हसला असावा. त्याच्या दाढीमुळे नीट कळले नाही. मग म्हणाला, "मला रागावर ताबा नाही राहत. तिची आई होती तोवर ती मध्ये पडायची. आता मध्ये कोण पडणार? माझी बहीण म्हणते, पोरीला माझ्याकडे पाठव. परीक्षा झाली की पाठवतो. इथे माझ्याजवळ राहून तिचं काही बरं होणार नाही."

"आणि ती काय म्हणते?"

"ती कुठे काय म्हणते."

"शुक्रवारी या," बाई म्हणाल्या. "सगळे सहा नका येऊ. चारच या. त्यानंतरही पाठवावंसं वाटलं तर पाठवा, मी एक शब्द बोलणार नाही."

"चारचौघांत मला बोलता येत नाही."

"बोलायचं नाहीच. ऐकायचं."

त्याने हात वर करून दाखवले. वंगणाने रेषा काळ्या झालेले. "हे असे हात घेऊन?"

"तेच घेऊन या."

"बघतो," तो म्हणाला.

परतताना बाई गाडीच्या दुसऱ्या बाजूला हात लावून चालत होत्या, जणू गाडी जड होती. म्हणाल्या, "मामा, हा एक माणूस आला ना, तर या वर्षी बाकी कोणी नाही आलं तरी चालेल." परीक्षेला तेव्हा दोन महिने होते. मुख्याध्यापकांनी त्यांना आधीच सांगून ठेवले होते की या सत्रात नियमित दहा पालक झाले नाहीत तर वर्ग बंद, सभागृह दुसऱ्या कामाला लागते आहे. दहा होणार नाहीत हे सगळ्यांना कळत होते. बाईंनाही कळत असणार. त्या मुलीपुरते तरी काही व्हावे, एवढेच उरले होते.

तो शुक्रवार नव्या फेरीचा पहिला होता. आदल्या फेरीला सात जण धरून होते, तेवढेच येतील असे धरून मी आठ खुर्च्या लावल्या, सात त्यांच्या आणि एक बाईंची. खुर्ची खुर्चीला भिडवून गोल केला. छान दिसत होता. सातही जण वेळेवर आले. दार ओढून घेतले आणि मी शेजारच्या खोलीत दोन लहान मुलांजवळ जाऊन बसलो.

थोड्या वेळाने टायरवाल्याची मुलगी आत आली. माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा आलेत."

तिचा आवाज मी त्याआधी तीनदाच ऐकला असेल. मी म्हटले, "हो का?"

"इस्त्रीचा शर्ट घातलाय. हात दोनदा धुतले."

मी तिला कागद दिला आणि रंगांची पेटी दिली. तिने निळा खडू काढला. तिने काय काढायला घेतले होते ते मला माहीत नाही, कारण एक रेघ ओढून होते न होते तोच दारात तो उभा होता. केस ओले, भांग पाडलेला, अंगाला साबणाचा वास.

"चल गं," तो म्हणाला.

मी विचारले, "काय झालं?"

"भरलंय. जागा नाही." सभागृहाच्या दाराला चौकोनी काच होती. त्याने तिच्यातून पाहिले असणार: अलीकडे बसलेल्यांच्या पाठी दाराकडे, खुर्चीला खुर्ची भिडलेली. "बरं झालं, मामा. बाई उगाच म्हणायच्या, लोक येत नाहीत."

माझ्या पाठीमागे, हात मागे नेला तर लागतील एवढ्या जवळ, पडद्याखाली बारा खुर्च्या रचलेल्या होत्या.

मी उठलो नाही. खुर्ची काढली असती तर पडदा काढावा लागला असता, आणि पाय हलतात म्हणून ठेवलेल्या खुर्च्या धडधाकट आहेत हे बाईंना दिसले असते. चालू वर्गात दार उघडायचे, सगळ्यांनी वळून पाहायचे, मी मधोमध खुर्ची घेऊन उभा, हेही माझ्या डोळ्यांसमोर आले. एवढ्याशा गोष्टीची मला भीती वाटली. लाज वाटते, पण झाले ते असे. मी म्हटले, "पुढच्या शुक्रवारी या."

"बघतो," तो म्हणाला.

मुलीने निळा खडू पेटीत त्याच्या खाचेत परत ठेवला, पेटी बंद केली आणि बापामागे गेली.

सात वाजता बाई बाहेर आल्या. गाल लाल झाले होते. म्हणाल्या, "मामा, आज एक खुर्ची रिकामी नव्हती. कितीतरी दिवसांनी." मग पिशवीची पिन लावत म्हणाल्या, "टायरवाला नाही आला."

मी म्हटले, "नाही दिसले."

सोमवारी त्या त्याच्या दुकानात गेल्या. एकट्याच गेल्या, गाडी न घेता. परत आल्या तेव्हा मी जिना झाडत होतो. त्या दोन पायऱ्या खाली थांबल्या.

"तो आला होता म्हणे."

मी झाडत राहिलो.

"जागा नव्हती म्हणाला." मग अगदी साध्या आवाजात त्यांनी विचारले, "खुर्च्यांचे पाय दुरुस्त झाले का, मामा?"

"झाले."

"मग या शुक्रवारी वीस लावा."

मी वीस लावल्या. सहा जण आले. तो आला नाही. बाई त्याच्याकडे आणखी तीनदा गेल्या. त्याचे एकच म्हणणे होते, "भरतंय ना तुमचं? मग माझ्यापायी दुसऱ्याची जागा कशाला अडवायची?" त्याला टाळायचे होते असे मला वाटत नाही. एकदा हात धुऊन, शर्ट घालून यायचे बळ त्याने गोळा केले होते. तेवढेच त्याच्याजवळ होते, आणि ते खर्च झाले.

परीक्षा संपल्यावर त्याची बहीण मुलीला न्यायला आली. शाळा सोडल्याचा दाखला मीच कार्यालयातून आणून दिला. मुलगी आत्याचा हात धरून उभी होती, बाप दोन हात लांब. ती जाताना जिन्याखाली पाहून गेली. संध्याकाळी मी तिथून अकरा काळी टोपणे झाडूने ओढून काढली. ती दुकानात नेऊन द्यावीत असे मनात होते. दोनदा त्या रस्त्याने गेलोही, पण तो वाकून टायर काढत होता आणि मी पुढे निघून गेलो.

वर्ग बंद झाला. मुख्याध्यापकांना दोष देऊन उपयोग नाही. सात म्हणजे काही दहा नव्हेत, आणि टायरवाला धरला तरी आठच. मी स्वतःला तेच सांगतो. वर्ग तसाही टिकला नसता. पण मुलगी बापाजवळ राहिली असती का, हे त्या हिशेबात बसत नाही, आणि रात्री आठवते ते तेच.

बाई त्यानंतर काही महिने शाळेत होत्या. फॉर्म भरायच्या, हजेरीचे तक्ते करायच्या. फाटकापाशी उभे राहणे त्यांनी सोडले. शिक्षकांच्या खोलीत शनिवारी कोणी जुड्यांचे विचारेनासे झाले. गंमत उरली नव्हती. सभागृहात जुनी बाके आणून टाकली गेली. एक दिवस कळले की त्या काम सोडून जाताहेत. कुठे, ते मी विचारले नाही.

त्यांच्या शेवटच्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या सभागृहात आल्या. कपाट उघडून पायमोजे पिशवीत टाकले आणि पिन लावली. मी कुलूप घेऊन दारात उभा होतो. सकाळपासून मी एक वाक्य पाठ करत होतो: बाई, त्या दिवशी शेजारच्या खोलीत बारा खुर्च्या होत्या. त्यांना ते माहीत होते, मला खात्री आहे. तरी ते माझ्या तोंडून जायला हवे होते. मी घसा खाकरला. त्या थांबल्या. माझ्याकडे पाहत राहिल्या, मध्ये काही न बोलता, वर्गात शिकवायच्या तशा.

"बाई," मी म्हटले, "वाजले किती?"

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. ते माझ्या समोरच होते.

"पाच वाजून वीस, मामा."

"मग कुलूप लावतो."

"लावा."